शरदातलं आभाळ मुलांबरोबर कसं बघायचं: नवशिक्या आईबाबांसाठी

ढग बघण्यात शिकण्यासारखं काय असणार, असं बऱ्याच जणांना वाटतं. आणि ज्यांना वाटत नाही ते उत्साहाच्या भरात एकदम दुसरं टोक गाठतात, म्हणजे ढगांच्या प्रकारांचा रंगीत चार्ट प्रिंट करायचा, भिंतीवर चिकटवायचा आणि पाच वर्षांच्या पोराकडून क्युम्युलोनिंबस पाठ करून घ्यायचं. पोरगं दोन दिवस पाहुण्यांसमोर म्हणून दाखवतं, तिसऱ्या दिवशी विसरतं. माझं स्पष्ट मत आहे की नावं नंतर यावीत. आधी बघायचं, मग अंदाज बांधायचा, तो लिहून ठेवायचा, आणि दुसऱ्या दिवशी तो चुकला की बरोबर आला हे वहीत बघायचं. मूल अंदाज बांधायला लागलं की ते आपोआप नीट बघायला लागतं, कारण आता त्याला जिंकायचं असतं.

सुरुवात शरदातच का करायची? एक तर या दिवसांत एकाच दिवसात आभाळाचे तीन-तीन अवतार दिसतात. रात्री लांबायला लागलेल्या असतात आणि जमीन ओलसर असते, त्यामुळे सकाळी दव किंवा धुकं, दुपारी ऊन तापलं की पांढरे गोळे-गोळे ढग, आणि संध्याकाळी ऊन उतरलं की ते गायब. जिथे पावसाळा संपून शरद येतो तिथे पावसाने हवेतली धूळ धुऊन निघालेली असते, म्हणून निळा रंग गडद दिसतो आणि ढगांच्या कडा अगदी स्वच्छ दिसतात. जिथे शरदानंतर कडक थंडी येते तिथे कमी दाबाचे पट्टे एकामागून एक सरकत जातात आणि दर दोन-चार दिवसांनी आभाळ पार बदलतं. आणखी एक फायदा म्हणजे सूर्य खाली सरकलेला असतो, ऊन तिरपं येतं, त्यामुळे ढगाची उजेडाची बाजू आणि सावलीची बाजू वेगवेगळी कळते आणि मुलांना ढग सपाट चित्र नसून जाडजूड वस्तू आहे हे पटतं.

सगळ्यात आधी दोन नियम

पहिला, सूर्याकडे थेट बघायचं नाही, दुर्बिणीतून तर कधीच नाही, आणि पातळ ढगाआड सूर्य सौम्य दिसत असला तरी नाही. सूर्याजवळचे ढग बघायचे असतील तर सूर्य भिंतीच्या किंवा झाडाच्या आड येईल असं उभं राहायचं. दुसरा, ढगांचा गडगडाट ऐकू आला की वही मिटायची आणि घरात यायचं, शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास तरी बाहेर पडायचं नाही. 'गरजेल तो पडेल काय' ही म्हण विजेला लागू होत नाही, पाऊस पडतोय तिथून दहा किलोमीटर लांबही वीज पडू शकते. आणि एकट्या झाडाखाली आसरा घ्यायचा नाही हे मुलांना पाठ असू दे, ही एवढी एक गोष्ट पाठ करून घेतली तरी चालेल.

पायरी १: एक जागा, एक दिशा, दोन वेळा

खिडकी, गॅलरी, टेरेस, अंगण, शाळेचं मैदान, काहीही चालेल, पण रोज तीच जागा आणि तीच दिशा पाहिजे. आभाळ सगळीकडून सारखंच दिसतं असं आपल्याला वाटतं पण खालची क्षितिजाची रेघ ओळखीची असेल तरच मुलाला 'काल ढग त्या टाकीच्या वर होता, आज पार खाली आहे' असं बोलता येतं. म्हणून पहिल्या दिवशी ढग काढायचेच नाहीत. समोरच्या इमारती, झाडं, तारा, डोंगर जे काय असेल त्याची बाह्यरेषा कागदाच्या तळाला काढायची आणि त्या कागदाच्या भरपूर फोटोकॉपी काढून घ्यायच्या. आता रोज मुलाने फक्त वरचा भाग भरायचा. ही युक्ती फार कामाची आहे, कारण चित्र काढायला कंटाळणारी मुलंसुद्धा अर्धं काढलेलं चित्र पूर्ण करायला तयार होतात.

वेळा दोन ठेवा, एक सकाळची आणि एक दुपार उतरतानाची. पाच मिनिटं पुरतात. मोबाईलवर फोटो काढले तरी हरकत नाही पण चित्राच्या ऐवजी नको, चित्राच्या जोडीला. फोटो काढला की डोळ्यांचं काम संपतं, चित्र काढायचं तर मुलाला ठरवावं लागतं की ही कड टोकदार काढू की पुसट.

पायरी २: मुलाला नावं नाही, प्रश्न द्या

'हा कुठला ढग?' हा प्रश्न काही दिवस विचारूच नका. त्याऐवजी हे विचारा: याची कड कापल्यासारखी आहे की विरघळल्यासारखी? खालची बाजू सपाट आहे का? यातून निळं आभाळ दिसतंय का? सूर्य त्याच्या मागे गेला तर जमिनीवर सावली पडते का नाही? तो कुठल्या बाजूला चाललाय? आणि माझा आवडता प्रश्न, हा मोठा होतोय की संपत चाललाय?

या शेवटच्या प्रश्नासाठी वेगळा वेळ काढाच. दुपारचा एक छोटासा सुटा पांढरा ढग निवडायचा आणि तो एकच ढग बघत बसायचं. मूल आधी म्हणेल की तो काही करत नाहीये. थोड्या वेळात कडेचे तुकडे तुटताना दिसतील, वर एखादा नवा फुगवटा येईल, आणि बऱ्याचदा दहा-पंधरा मिनिटांत तो ढगच उरत नाही! ढग म्हणजे आभाळातून फिरणारी एक वस्तू, असं मुलांच्याच काय मोठ्यांच्याही डोक्यात असतं, प्रत्यक्षात तिथे हवा सतत वर चढत असते, गार होत असते, तिच्यातली वाफ थेंब बनत असते आणि कडेला कोरडी हवा मिसळली की ते थेंब परत वाफ होऊन जात असतात. हे तोंडी सांगून पटत नाही, एक ढग विरताना पाहिला की पटतं.

तीन-चार वर्षांच्या मुलांना यातलं काहीही नको. त्यांना आकार शोधू दे, ढगाला स्वतःचं नाव ठेवू दे, आज आभाळाचा रंग कुठला ते रंगपेटीतून निवडू दे. तेही निरीक्षणच आहे, उगाच घाई नको.

पायरी ३: मोजायला लागा

सहा-सात वर्षांच्या पुढच्या मुलांना मोजायला फार आवडतं, आणि आभाळ मोजता येतं हे कळलं की त्यांना गंमत वाटते. हवामान केंद्रातले लोक ढगांचं प्रमाण आठ भागांत सांगतात, त्या मापाला ऑक्टा म्हणतात. शून्य म्हणजे एकही ढग नाही, आठ म्हणजे निळं कुठेच नाही. एक कागद तीनदा अर्धा-अर्धा दुमडून उघडला की आठ भाग होतात, मग मुलाला विचारा की सगळे ढग गोळा करून एका बाजूला सरकवले तर किती भाग भरतील. पहिले काही दिवस तुमचा आकडा वेगळा येईल आणि मुलाचा वेगळा, तर दोन्ही लिहा, भांडू नका. क्षितिजाजवळ ढग आपल्याला बाजूने दिसतात म्हणून जास्त दाट वाटतात आणि आकडा फुगतो, हे थोड्या दिवसांनी मुलंच सांगायला लागतात.

ढग कुठे चाललाय हे बघायला खिडकीच्या काचेवर चिकटपट्टीची एक फुली करा. मुलाने डोकं एका जागी ठेवून फुलीतून ढगाची एक कड पकडायची आणि ती कुठल्या बाजूला निसटते ते बघायचं. डोकं हललं की सगळं बिघडतं, म्हणून हनुवटी खुर्चीच्या पाठीवर टेकवायला सांगा.

मोजायचं म्हणून पाऊसही मोजा, शरदात अधूनमधून सरी येतातच. सरळ बाजूंचा डबा किंवा बाटली घ्यायची, वर-खाली सारखीच रुंद पाहिजे, उघड्यावर ठेवायची आणि रोज सकाळी ठरलेल्या वेळी पट्टीने पाणी मोजून ओतून टाकायचं. झाड किंवा भिंत जेवढी उंच असेल त्याच्या दुप्पट तरी लांब ठेवा, नाहीतर आडोशाने आकडा कमी येतो. एक मिलिमीटर पाऊस ऐकायला काहीच वाटत नाही, पण एक चौरस मीटर जागेवर तो एक लिटर पाणी असतं. मुलांना हे सांगून टेरेसचं किंवा मैदानाचं गणित करायला लावा, आकडे बघून मोठेही चकित होतात.

पायरी ४: आता नावं

एव्हाना मुलाच्या वहीत त्याने स्वतः ठेवलेली चार-पाच नावं तयार असतील, गोळ्यांचे ढग, रेघांचे ढग, चादरीचा ढग असं काहीतरी. नेमकं हेच काम १८०२ साली लंडनमधल्या ल्यूक हॉवर्ड नावाच्या माणसाने केलं. तो काही शास्त्रज्ञ म्हणून नोकरीला नव्हता, औषधांचा धंदा करायचा आणि फावल्या वेळात आभाळ बघायचा. त्याने ढगांची लॅटिन नावं सुचवली आणि ती आजपर्यंत चालू आहेत: गोळ्यांचा तो क्युम्युलस, थराचा तो स्ट्रॅटस, बारीक रेघोट्यांचा तो सिरस, आणि पाऊस देणारा तो निंबस. जागतिक हवामान संघटना आज ढगांचे दहा मुख्य प्रकार मानते आणि ते सगळे या शब्दांच्या जोडण्यांमधूनच तयार झालेत, फक्त मधल्या उंचीच्या ढगांना 'आल्टो' हा शब्द पुढे लागतो. त्यामुळे मुलाने चार शब्द आणि एक 'आल्टो' समजून घेतलं की दहा नावं त्याला जोडून बनवता येतात, पाठ करावी लागत नाहीत.

उंचीचं ढोबळ गणित असं आहे की खालचे ढग जमिनीपासून साधारण २ किलोमीटरपर्यंत, मधले २ ते ७, आणि वरचे ५ ते १३ किलोमीटरवर. विषुववृत्ताकडे गेलात की वरचे ढग आणखी उंच असतात, ध्रुवाकडे खाली. वर जाताना दर किलोमीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी कमी होतं, म्हणून सिरस ढग पाण्याचे नसून बर्फाच्या कणांचे असतात, भर दुपारी आपण घामाघूम असलो तरी वर बर्फच.

उंची डोळ्यांनी कळत नाही, त्यासाठी बोटांची युक्ती आहे. छोट्या-छोट्या गोळ्यांनी भरलेलं आभाळ असेल तर हात सरळ लांब करायचा आणि सूर्यापासून लांबच्या, बऱ्यापैकी डोक्यावर असलेल्या एका गोळ्यावर बोट धरायचं. करंगळीमागे गोळा पूर्ण लपला तर तो सिरोक्युम्युलस, म्हणजे वरचा. करंगळीपेक्षा मोठा पण तीन बोटांमागे लपणारा असेल तर आल्टोक्युम्युलस, म्हणजे मधला. तीन बोटांनीही झाकला जात नसेल तर स्ट्रॅटोक्युम्युलस, खालचा. मुलाचं बोट बारीक असलं तरी हातही आखूडच असतो, त्यामुळे उत्तर जवळपास तेच येतं.

विमानाच्या मागे उमटणारी पांढरी रेघही ढगच आहे, इंजिनातून निघालेली वाफ गोठून झालेला. ती रेघ लगेच पुसली गेली तर वरची हवा कोरडी, बराच वेळ राहून पसरत गेली तर वरची हवा ओलसर. हे लक्षात ठेवा, अंदाजाच्या वेळी उपयोगी पडतं.

पायरी ५: वारा

वाऱ्याला यंत्र लागत नाही. फ्रान्सिस ब्यूफोर्ट नावाच्या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने १८०५ मध्ये वाऱ्याची एक मोजपट्टी बनवली. ती जहाजांसाठी होती, नंतर तिला जमिनीवरच्या खुणा जोडल्या गेल्या आणि मुलांसाठी त्या एकदम फिट आहेत. धूर सरळ वर गेला तर ०, धूर कलला पण चेहऱ्याला काही जाणवलं नाही तर १, चेहऱ्याला वारा लागला आणि पानं सळसळली तर २, पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील तर ३, धूळ आणि कागद उडायला लागले तर ४, छोटी झाडंच डोलायला लागली तर ५. पुढचे आकडे घरातून बघायचे. दिशा लिहिताना वारा जिथून येतो ती दिशा लिहितात, जिकडे जातो ती नाही, इथे मुलं हमखास गोंधळतात.

आता खरी मजा. खाली वाऱ्याची दिशा बघा आणि वर ढगाची दिशा बघा. पुष्कळदा जुळत नाहीत. त्यातही खालचे गोळे एकीकडे आणि वरच्या रेघोट्या दुसरीकडे जात असतील तर मुलाला दोन वेगवेगळ्या उंचीवरचे दोन वारे एकाच वेळी दिसले. मला तरी ढग बघण्यातलं हे सगळ्यात भारी दृश्य वाटतं, आणि ते बघायला काहीही लागत नाही, फक्त थोडा वेळ मान वर करून उभं राहायचं.

पायरी ६: सकाळचं दव आणि धुकं

शरदातली सकाळ झोपेत घालवू नका. निदान सुट्टीच्या दिवशी तरी मुलांना लवकर उठवा.

आदल्या रात्री सारख्या दोन ताटल्या घ्या, एक उघड्यावर ठेवा आणि दुसरी टेबलाखाली किंवा दाट झाडाखाली. झोपण्याआधी मुलाला विचारा की सकाळी कुठली ओली असेल, आणि उत्तर लिहून घ्या. पुष्कळ मुलं म्हणतात की झाडाखालची, कारण झाडावरून पाणी टपकणार. निरभ्र आणि वारा नसलेल्या रात्री उघड्यावरची ताटली ओली होते आणि आडोशाची कोरडी राहते. दव वरून पडत नाही हे मुलाला यातून कळतं. ताटली आपली उष्णता वर मोकळ्या आभाळाकडे सोडून देते, हवेपेक्षा गार होते, आणि तिला टेकलेल्या हवेतली वाफ तिथेच पाणी होते. आडोशाखालच्या ताटलीला वरचं टेबल किंवा झाड तेवढं गार होऊ देत नाही. ढगाळ रात्री हाच प्रयोग पुन्हा करा, दोन्ही ताटल्या कोरड्या सापडण्याची शक्यता जास्त, कारण ढग रात्री जमिनीवर पांघरलेल्या गोधडीचं काम करतात. जिथे पारा शून्याखाली जातो तिथे दवाऐवजी हिमकण मिळतील, कारण तेच.

धुकं म्हणजे जमिनीला टेकलेला ढग, त्यामुळे मुलाला ढगात शिरायचं असेल तर धुक्यात फिरायला न्या, मोठ्यांचा हात धरून आणि रस्त्यापासून लांब. एक किलोमीटरच्या आतलंच दिसत असेल तर हवामानवाले त्याला धुकं म्हणतात, त्यापेक्षा लांबचं दिसलं तर ते विरळ धुकं. तुमच्या खिडकीतून दिसणाऱ्या ओळखीच्या गोष्टी किती लांब आहेत ते नकाशावर आधीच मोजून ठेवा, मग सकाळी कुठली दिसते आणि कुठली नाही यावरून मूल स्वतः आकडा सांगू शकतं. आणि धुकं 'उठतं' कसं ते बघा, ऊन जमीन तापवतं आणि ते खालून विरायला लागतं, कधी कधी तेच वर उचललं जाऊन स्ट्रॅटसचा पातळ थर होतो.

पायरी ७: घरातले दोन प्रयोग

बरणीतला ढग तुम्ही पाहिला असेल, पण नुसता करून दाखवला तर ती जादू होते आणि विसरली जाते. दोनदा करा. मोठ्या काचेच्या बरणीत दोन बोटं गरम पाणी घ्या, झाकण उलटं ठेवून त्यात बर्फ भरा, मागे काळा कागद लावा आणि बाजूने टॉर्च मारा. पहिल्यांदा नुसतंच बघा, फार काही दिसणार नाही. मग झाकण क्षणभर उचलून विझवलेल्या काडीचा थोडा धूर आत सोडा आणि परत झाका. आता ढग दिसेल. वाफेला थेंब होण्यासाठी काहीतरी कण लागतो, आभाळात ते काम धूळ, धूर आणि समुद्राच्या मिठाचे कण करतात. गरम पाणी आणि काडी मोठ्यांनीच हाताळायची.

दुसरा प्रयोग दहा वर्षांच्या पुढच्यांसाठी. धातूचा चकचकीत पेला घ्या, त्यात साधं पाणी आणि थर्मामीटर, बाहेर सावलीत बसा. बर्फाचा एक-एक तुकडा टाकत ढवळत राहा आणि पेल्याच्या बाहेरची बाजू धुरकट होते त्या क्षणाचं तापमान लिहा, हा झाला दवबिंदू. आता हवेच्या तापमानातून तो वजा करा आणि १२५ ने गुणा. हवा २८ अंश आणि दवबिंदू २० असेल तर फरक ८, म्हणजे १००० मीटर. दुपारच्या गोळ्यांच्या ढगांचा सपाट तळ साधारण एवढ्या उंचीवर असतो! त्या सगळ्या ढगांचे तळ एका पातळीत का दिसतात याचंही उत्तर इथेच आहे, वर चढणारी हवा त्या उंचीला दवबिंदूपर्यंत गार होते. ढोबळ गणित आहे, थरांच्या ढगांना लावू नका, पण पेला आणि बर्फ घेऊन ढगाची उंची काढली हे मूल कधी विसरत नाही.

मुलं विचारतातच असे प्रश्न

ढग पांढरे का? थेंब सूर्यप्रकाशातले सगळे रंग सारखेच विखुरतात म्हणून. मग काळे का? जाड झाले की उजेड खालपर्यंत पोचत नाही, त्याच ढगाचा माथा वरून बघितला तर पांढराच असतो. ढगाला वजन असतं का? हो, एक किलोमीटर लांब, रुंद आणि उंच अशा साध्या गोळ्याच्या ढगात साधारण ५०० टन पाणी असतं. मग पडत का नाही? त्याचा थेंब साधारण ०.०२ मिलिमीटरचा, तो सेकंदाला जेमतेम एक सेंटिमीटर खाली येतो आणि वर चढणारी हवा त्याला सहज अडवते. पावसाचा २ मिलिमीटरचा एक थेंब व्हायला असे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात. चंद्राभोवती गोल का दिसतं? लांब केलेल्या हाताच्या एका वीतेवर मोठं कडं असेल तर वर बर्फाच्या कणांचा पातळ थर आहे, चंद्राला चिकटून छोटं रंगीत वलय असेल तर ते पाण्याच्या बारीक थेंबांमुळे. उत्तर येत नसेल तर वहीत प्रश्न लिहून ठेवा, गुगल लगेच उघडायची गरज नाही.

पायरी ८: अंदाजाची वही

इथे यायचं होतं म्हणून वरचं सगळं. रोज संध्याकाळी मुलाने एक ओळ लिहायची: उद्या ढग किती ऑक्टा, पाऊस हो की नाही, सकाळी दव किंवा धुकं हो की नाही, आणि 'कारण' म्हणून काहीतरी एक. कारण लिहिलंच पाहिजे, मग ते 'मला वाटतं म्हणून' असलं तरी. मोबाईलवरचं हवामानाचं अ‍ॅप अंदाज लिहून झाल्यावरच उघडायचं.

सोबत एक प्रतिस्पर्धी घ्या. त्याचं नाव 'आजच्यासारखंच', तो रोज एकच अंदाज देतो, उद्या आजच्यासारखंच असेल. हवामानशास्त्रातही अंदाज तपासायला हीच कसोटी वापरतात, याच्यापेक्षा बरा जमला तरच तो अंदाज. पहिल्या आठवड्यात हा बाबा मुलाला आरामात हरवतो, कारण हवामान बऱ्याचदा खरंच कालच्यासारखंच असतं. मुलं चिडतात, चिडू द्या. मग ती बदलाच्या खुणा शोधायला लागतात, कारण जिंकायची जागा फक्त बदलाच्या दिवशीच असते.

खुणा तुम्ही हळूहळू सांगा. रेघोट्यांचे सिरस वाढत जाऊन पूर्ण आभाळ पांढुरकं झालं, सूर्याला किंवा चंद्राला कडं पडलं, मग सूर्य दुधी काचेतून दिसावा तसा झाला आणि ढग खाली-खाली यायला लागले, तर थंड आणि समशीतोष्ण भागांत बहुतेक वेळा दिवसभरात पाऊस येतो. उष्ण भागांत ही साखळी तितकी चालत नाही, तिथे सकाळच्या ढगांकडे लक्ष ठेवा, गोळे दुपारच्या आधीच रुंदीपेक्षा उंचीने जास्त वाढत असतील तर संध्याकाळी गडगडाट होऊ शकतो. गोळे चपटे राहिले आणि संध्याकाळी विरले तर दिवस कोरडा जाईल. संध्याकाळी आभाळ स्वच्छ, वारा ० किंवा १ आणि जमीन ओली असेल तर सकाळी दव नक्की धरा, धुक्याची पैज लावायलाही हरकत नाही.

निरभ्र दिवशी मूल म्हणेल की आज लिहायला काहीच नाही. शून्य ऑक्टा लिहा आणि त्याच दिवशी दुपारी बारा-साडेबाराला अंगणात एक काठी उभी करून तिच्या सावलीचं टोक खडूने मारून ठेवा. पुढच्या निरभ्र दिवशी त्याच वेळी पुन्हा. उत्तर गोलार्धात २२-२३ सप्टेंबरनंतर दिवस रात्रीपेक्षा लहान होतो आणि ही सावली आठवड्या-आठवड्याला लांबत जाते, दक्षिण गोलार्धात हेच मार्चनंतर होतं.

तीन-चार आठवडे झाले की वही घेऊन बसा आणि फक्त चुकलेल्या अंदाजांची पानं उघडा. त्या संध्याकाळी काढलेलं चित्र समोर ठेवा आणि मुलाला विचारा की यात काही दिसतंय का जे तेव्हा लक्षात आलं नव्हतं. कधी कोपऱ्यात काढलेल्या दोन रेघोट्या सापडतात, कधी विमानाची पसरलेली रेघ, कधी काहीच सापडत नाही. सापडलं तर ते वहीच्या शेवटच्या पानावर मुलाच्याच शब्दांत नियम म्हणून लिहा, त्याच्यापुढे तो किती वेळा बरोबर आला आणि किती वेळा चुकला याच्या खुणा करायला जागा सोडा, आणि संध्याकाळचा अंदाज लिहिताना आधी ते पान वाचायला सांगा.